मार्थाआत्याचा सत्कार

अन्याय झाला तो माझ्या मार्थाआत्यावर. नाताळच्या आदल्या दिवशी, चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी, देवळाच्या हॉलमध्ये सेक्रेटरी तिच्या खांद्यावर शाल टाकत होते आणि फोटोवाला "जरा इकडं बघा मावशी" म्हणत होता, बरोबर तेव्हा. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. झाडांसाठी लिहिली, पाण्यासाठी लिहिली, बंद पडणाऱ्या शाळांसाठी लिहिली आणि चौकात उभी राहून स्वतः वाटली. कुणावर अन्याय झाला आणि कधी झाला हे पहिल्या ओळीत सांगून टाकायचं, हे त्यातच शिकले. कारण दुसऱ्या ओळीपर्यंत माणूस कागदाची पुडी करून त्यात फुटाणे बांधतो. तेवढं सांगून झालं. बाकीचं सावकाश सांगते, कारण ही गोष्ट मी आजवर पत्रकात घातलेली नाही. एका कागदात ती मावत नाही आणि राग आला की माझं अक्षर मोठं होतं.

आमचं घर कसबा बावड्यात, देवळाच्या मागच्या गल्लीत. देऊळ म्हणजे चर्च. आमच्यात देऊळच म्हणतात. पाळकांना पाळकसाहेब म्हणतात, आणि एकमेकांना भेटलं की सलाम. गल्लीत आमची मोजकी घरं, बाकी सगळे शेतकरी मराठे, आणि कोपऱ्यावर शब्बीरचाचांचं गादीकाम. नाताळचा वास कसा असतो म्हणून विचाराल तर मी मळीचा सांगेन. साखर कारखान्याचा हंगाम डिसेंबरात ऐन भरात असतो. गुळचट, आंबूस वास वाळत घातलेल्या कपड्यांत शिरतो तो संक्रांतीपर्यंत जात नाही. उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून रात्रंदिवस जात. भोंगा झाला की आई चहाचं आधण ठेवी. फराळाचं सगळं दिवाळीसारखंच, करंज्या, चकल्या, शेव. फक्त नानकटाईचं पीठ मळून परातीत घालून बेकरीत न्यायचं, तिथं भट्टीपुढं नंबर लावायचा, आणि आपल्या पत्र्यावरच्या एका नानकटाईत खूण म्हणून लवंग टोचायची. एकदा दुसऱ्या कुणीतरी लवंग टोचली म्हणून आत्यानं बेकरीत जे भांडण काढलं, ते गल्लीत वर्षभर पुरलं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न झालं होतं, नांदली नाही. का नांदली नाही हे कुणी विचारलं की म्हणायची, "त्याला बायको नको हुती, बैल पायजे हुता. मी म्हटलं बैल आण." दवाखान्यात आयाचं काम केलं, रिटायर झाली, आणि आमच्याच दोन खोल्यांत राहिली. मंडळीत, म्हणजे देवळाच्या सभासदांत, तिला काही पद नव्हतं. गायनात घेतलं नाही कारण आवाज फाटका. महिला मंडळात घेतलं नाही कारण तोंड फाटकं. तिच्याकडं फक्त झाड होतं.

झाड म्हणजे देवळाच्या फाटकाबाहेरचा रायवळ आंबा. कैऱ्या एवढ्या आंबट की अख्ख्या गल्लीचं लोणचं त्याच्यावर भागे. नाताळात घराघरांत आपापली छोटी झाडं असत, पण बाहेरचं हे मोठं झाड सगळ्यांचं, आणि ते सजवायचं काम आत्याचं. विकतचं काही आणायचं नाही. पैसे नव्हते हे खरंच, पण नुसतं तेवढंच नव्हतं. विकत आणलं की ते आणणाऱ्याचं होतं, असं ती म्हणे. नोव्हेंबर लागला की आमची दारोदार फेरी सुरू व्हायची. दुधाच्या रिकाम्या पिशव्या गोळा करून, धुऊन, उलट्या करून दोरीवर वाळवायच्या. त्या आतून पांढऱ्या चकचकीत असतात. त्यांच्या बारीक पट्ट्या कातरून झालरी करायच्या. उसाला तुरा येतो, चंदेरी, मऊ, मांजराच्या शेपटीसारखा. शेतकऱ्याला तो नकोच असतो, तुऱ्याचा ऊस पोकळ पडतो. आम्ही बांधावरून मागितला की म्हणत, "न्या की पावणं, सगळाच न्या, आमच्या डोळ्याम्होरनं तरी जाईल." ते तुरे जुड्या करून फांदीच्या खाली उलटे बांधायचे. शब्बीरचाचा कामट्या तासून देत. मोहरमात ताबुताची कामं करणारा माणूस, त्यांच्या कामटीला कुसळ म्हणून नसे. त्या कामट्यांच्या चांदण्या व्हायच्या.

चांदण्यांना कागद लावला तर डिसेंबरच्या दवानं सकाळपर्यंत लगदा. म्हणून आत्यानं दवाखान्यातली युक्ती काढली होती. एक्स-रेच्या जुन्या फिल्मा. प्रत्येक घरात पत्र्याच्या पेटीमागं दोनचार असतातच, हात मोडलेला असतो, खोकला झालेला असतो. धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात फिल्म बुडवायची, काथ्यानं घासायची, की वरचं काळं सुटून जातं आणि निळसर, स्वच्छ तावदान हातात येतं. ते कातरून कामट्यांवर शिवायचं. दिवे नव्हतेच झाडावर. पण कारखान्याकडं वळणाऱ्या ट्रॅक्टरचा उजेड कोपऱ्यावर झाडावर पडला की झाड एकदम पेटल्यासारखं लखलखे आणि पुन्हा विझे. आम्ही पोरं कट्ट्यावर बसून पुढच्या ट्रॅक्टरची वाट बघायचो. आज महिनाभर चोवीस तास चमकणाऱ्या माळा बघते आणि वाटतं, ह्यांना वाट बघणं म्हणजे काय ते कुणी सांगितलंच नाही.

दोन नियम होते. झाडाला खिळा मारायचा नाही, तार आवळायची नाही, हारवाले वापरतात त्या केळीच्या सोपटानं बांधायचं. काढायचं राहिलंच तरी ते आपोआप कुजून गळतं. खिळ्याचा विषय निघाला की आत्या विचारी, "तुझ्या कानात काय घातलंय गं? डूल? मग तो टोचताना विचारलंवतं का न्हाई तुला? ह्याला कुणी इचारलंय?" दुसरा नियम असा, की ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं असेल त्या घराची चांदणी सगळ्यांत वर, आणि ती त्या माणसाच्याच फिल्मची. माणूस कुणाचंही असो, देवळातलं की देवळाबाहेरचं. आधीच्या वर्षांच्या चांदण्या जपून ठेवून दरवर्षी खालच्या फांद्यांवर पुन्हा बांधायच्या. शब्बीरचाचांच्या अम्मांची चांदणी त्या झाडावर होती. शेजारच्या दादू पाटलांची होती. पाटलीणबाई उपासनेला कधी आल्या नाहीत, पण नाताळात रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन वर बघून जायच्या.

मी नववीत होते त्या वर्षी आमची चांदणी होती. बाबा पावसाळ्यात गेले. छातीचं दुखणं, कारखान्यात बॉयलरवर काम, बाकी सांगण्यासारखं काही नाही. त्यांची फिल्म खुंटीला तशीच होती, दवाखान्याच्या पाकिटात. आत्यानं सोड्याचं पाणी चुलीवर ठेवलं आणि आईला म्हणाली, "दे."

आई म्हणाली, "धुवायची न्हाय."

"म्हंजे?"

"तशीच लावायची. काळी हाय तशी."

"येडी का खुळी तू? लोक काय म्हणतील? कुणाची छाती झाडाला टांगत्यात व्हय?"

"कुणाची न्हाय. त्यांचीच की."

 आत्यानं पातेलं उतरवलं आणि त्याच पाण्यात माझे शाळेचे मोजे टाकले. कातर मात्र तिनंच घेतली. बरगड्या मधोमध येतील अशी चांदणी बेतली, आणि कातरताना एकदाच म्हणाली, "लहानपणी ह्याच बरगड्यांत बुक्क्या घातल्यात मी. आंबे चोरायचा." आई हसली. बाबा गेल्यानंतर ती हसलेली मी पहिल्यांदा बघितली. झाडावर शब्बीरचाचा चढले. चांदणी शेंड्याला बांधून झाल्यावर खाली उतरून त्यांनी हात पुसले आणि आईला म्हणाले, "भाभी, दिसतोय बघा. उजेड पडला की बराबर दिसतोय." आणि दिसत होते. ट्रॅक्टर वळला की बाबांच्या बरगड्या उजेडात उभ्या राहायच्या, पंख्याच्या पात्यांसारख्या. त्या आठवड्यात आई रोज भाजी आणायला म्हणून कोपऱ्यावर जाई आणि भाजी न घेता परत येई.

आता सेक्रेटरी, देवळाच्या कमिटीचे. त्यांना मी प्रभाकरकाका म्हणायची. बँकेतून निवृत्त, पांढरे केस, सौम्य बोलणं. सौम्य बोलणाऱ्या माणसांविषयी माझं मत तेव्हापासून वाईट आहे ते आहेच. आमच्या भागात तेव्हा ऊस काढून इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या, आणि मंडळीत नवी, बऱ्यापैकी पगाराची कुटुंबं आली होती. त्यांना ते झाड बघवत नव्हतं. "बाहेरून येणाऱ्याला काय वाटतं? कचरा टांगल्यागत दिसतं," असं कमिटीत कुणीतरी म्हणाल्याचं आमच्या कानावर आलं होतं. आत्या म्हणाली, "कचराच हाय की. कचऱ्याचं सोनं करतोय, ह्यांच्या सोन्याचा कचरा तर करत न्हाय." पण झाडापाशी येऊन "हे करू नका" म्हणायची कुणाची छाती नव्हती. आत्याच्या तोंडाला पूर्ण बावडा भीत होता.

म्हणून त्यांनी सत्कार काढला.

ही युक्ती आपल्याकडं जुनी आहे. म्हाताऱ्या मास्तरला वर्गातून काढायचं असलं की सत्कार. तालमीतला जुना वस्ताद नकोसा झाला की सत्कार. माणसाला ढकलून बाहेर काढलं तर तो ओरडतो, पण गळ्यात हार घालून काढलं तर तोच हात जोडतो. नाताळच्या दोनतीन दिवस आधी, झाड सजवून झाल्यावर, प्रभाकरकाका आमच्या दारात आले. आईनं करंज्या पुढं केल्या. त्यांनी अर्धी मोडून घेतली.

"मार्थाताई, यंदा कमिटीनं तुमचा सत्कार ठरवलाय."

"कशाबद्दल?"

"झाडाबद्दल. इतकी वर्षं सेवा केलीत."

"मग झाडाला घाला की शाल. थंडी त्याला हाय."

काका हसले. चोवीसला संध्याकाळी हॉलमध्ये, वेळेवर या, पुढच्या रांगेत बसा, म्हणाले. तो बरोबर तसाच बोलला, "पुढच्या रांगेत बसा." दारं मागं असतात. पुढच्या रांगेतून बाहेरचं काही दिसत नाही. (मगाशी त्यांना काका म्हणत होते, आता तो म्हणाले. राहू दे तसंच.)

ते गेल्यावर आत्या आरशापुढं गेली. ही बाई आरशापुढं गेलेली मला आठवत नाही. "रुते," मला म्हणाली, "माझं ते जांभळं लुगडं इस्त्रीला टाक. आणि बग, कुणाला सांगू नकोस, पण भाषण करा म्हटले तर काय बोलायचं?" मी म्हटलं, काहीही बोल. ती दोन दिवस मनातल्या मनात बोलत होती. पोळ्या लाटताना ओठ हलायचे.

चोवीसला हॉल भरला होता. नवी कुटुंबं, जुनी कुटुंबं, व्यासपीठावर पाहुणे म्हणून एक बिल्डर, सफारी सूट घालून. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. काकांनी भाषण केलं. आत्याला आधारस्तंभ म्हणाले, माउली म्हणाले, आणि "आता त्यांनी विश्रांती घ्यावी अशी आपली सर्वांची प्रेमाची विनंती" असं म्हणाले. टाळ्या वाजल्या. मला 'विश्रांती' हा शब्द खटकला. शेजारच्या बाईंचं लहान पोर रडत होतं म्हणून त्याला घेऊन मी मागच्या दारानं बाहेर आले, आणि फाटकाकडं बघितलं.

झाडाला शिडी लागली होती. मांडववाल्याची माणसं कोयत्यानं सोपटं छाटत होती आणि तुरे, झालरी, चांदण्या खाली टेम्पोत पडत होत्या. एकजण खिळे तोंडात धरून हातोडीनं खोडात ठोकत होता, त्याच्यावर दिव्यांची माळ ओढायला. आंब्याचा चीक त्याच्या मनगटावर ओघळत होता. फाटकावर कापडी फलक चढला होता, नाताळच्या शुभेच्छा, सौजन्य, आणि खाली त्या सफारीवाल्याचं नाव.

मी ओरडले. शिडीवरचा म्हणाला, "बाई, आमाला सेक्रेटरीसाहेबांनी सांगितलंय. कार्यक्रम चालू हाय तवर उरकायचं. सरका जरा, खिळा पडंल." त्याच्यावर मी तेव्हाही चिडले नाही, आजही चिडत नाही. त्याला मजुरी मिळत होती. टेम्पो भरला तसा निघून गेला.

मी पळत आत गेले, मधल्या वाटेनं, थेट व्यासपीठाशी. आत्याच्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ होता, आणि माइक नुकताच तिच्या तोंडाशी आला होता. तिनं घसा खाकरला होता. मी खालून म्हटलं, "आत्या, झाड उतरवलं." माइकमधून माझाच आवाज सगळ्या हॉलला ऐकू आला.

ती तशीच चालत बाहेर आली, शाल, नारळ सगळं घेऊन. मागं सगळी मंडळी. दिवे तेवढ्यात लागले, लाल, हिरवे, निळे, पळणारे. कुणीतरी पोरगं "वाव" म्हणालं. आत्यानं शेंड्याकडं बघितलं.

"मार्थाताई, चिडू नका," काका म्हणाले. "हे टिकाऊ आहे. तुम्हाला दरवर्षी त्रास नको म्हणून."

"माझ्या भावाची छाती कुठाय?"

काकांना कळलंच नाही. त्यांनी बिल्डरकडं बघितलं. बिल्डरनं घड्याळाकडं बघितलं.

"मी इचारते, माझ्या भावाची छाती कुठाय? कुठं टाकली?"

"ते... ते सगळं डेपोला गेलं असेल."

तिनं नारळ काकांच्या हातात दिला. शाल काढली, घडी घातली, नीट चौकोनी, आणि फाटकाच्या खांबावर ठेवली.  जिच्या तोंडाला बावडा भीत होता ती बाई गप्प झाली, आणि मंडळीनं सुटकेचा श्वास टाकला. मी ऐकला तो श्वास. मग सगळे चहाला गेले.

नाताळच्या सकाळी घंटा होत होती आणि आई, मी आणि शब्बीरचाचा कचरा डेपोत उभे होतो. आई नवी साडी नेसली होती, कारण दुसरी भिजत घातली होती. ढीग सापडायला वेळ लागला नाही, तुरे लांबून दिसत होते. आम्ही हातांनी उपसलं. अम्मांची चांदणी सापडली, दादू पाटलांची सापडली, मोडलेल्या, पण सापडल्या. बाबांची नाही. तिथं कचरा वेचणारी एक बाई होती, तिनं विचारलं काय शोधायलाय. चाचांनी सांगितलं.

"काळी फिलम व्हय?" ती म्हणाली. "ती काल आल्याआल्या गेली की. भंगारवाला लगीच नेतो, चांदी निघती तिच्यातनं. ह्या धुतलेल्यांत काय न्हाई, म्हणून पडल्यात."

आई स्कूटरवर चाचांच्या मागं बसली, मी चालत. घरी आल्यावर तिनं चांदण्यांवरचा चिखल पुसला, पाटलीणबाईंची चांदणी त्यांच्या दारात नेऊन दिली. मग स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "मीच धुऊ दिली न्हाय. धुतली असती तर घावली असती."

ऐकलंत? माझी आई म्हणाली, माझी चूक. कोयता चालवायला सांगणारे केक कापत होते, आणि आमच्या स्वयंपाकघरात माझी आई स्वतःला दोष देत होती. मी त्या दिवशी पत्रकवाली झाले. दुसरं काही कारण कुणी विचारलं तर मी झाडं, पर्यावरण वगैरे सांगते, तेही खोटं नाही. पण खरं कारण हे.

माझं पहिलं पत्रक वहीच्या कागदावर होतं, झेरॉक्स काढून मी देवळाच्या बाकांवर ठेवलं. पाळकसाहेबांनी ते गोळा करून आईकडं परत पाठवलं, सोबत निरोप, पोरीला आवरा. कमिटीनं म्हटलं गैरसमज झाला. गैरसमज. आम्हाला सगळं नीट समजलं होतं, अजून समजतंय. पुढच्या वर्षी आणखी खिळे आले, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. ज्या फांदीला सगळ्यांत जास्त माळा, त्या फांदीला आता मोहर येत नाही. आत्या अजून आहे. गुडघे गेलेत, तोंड परत आलंय. रविवारी उपासनेला येते, पण फाटकातून येत नाही. मागच्या बोळातून, पाळकांच्या गोठ्याच्या बाजूनं, चिखल तुडवत येते, आणि तिसऱ्या बाकावर बसते. का, हे तिला आजवर कुणी विचारलेलं नाही.

तेव्हा आता तुम्हाला सांगते. तुमच्यातले पुष्कळजण त्या संध्याकाळी हॉलमध्ये होतात, तुमची नावं मला पाठ आहेत, ती मी इथं लिहिलेली नाहीत. जे नव्हतात त्यांच्याही गावात असा एखादा सत्कार झालेला आहे आणि त्या माणसाचं घर तुम्हाला ठाऊक आहे, तिकडं जा. पण आमच्या मंडळीतल्यांनो, तुम्ही येत्या रविवारी उपासना संपताना, सूचना वाचतात त्या वेळी, उभे राहा. हार नको, पाहुणा नको, माइकही नको. तिच्याकडं तोंड करा आणि म्हणा, मार्थाबाई, तुम्हाला आत बसवून आम्ही तुमच्या माणसांना कचऱ्यात टाकलं, आमचं चुकलं. ती काय उत्तर देईल ते मला माहीत नाही, शिव्याही देईल. त्या उभ्यानं ऐका.